कमी केलेलं पात्र

गोकुळनं तिसरं पान उलटलं तेव्हा साळूबाईंचा हात मेथीच्या जुडीवर चालूच होता. पानं टोपलीत, काड्या वर्तमानपत्रावर. त्याचं अर्धं लक्ष वाचण्याकडे होतं आणि अर्धं आईच्या त्या हाताकडे.

ही दोघांची दहा वर्षांची रीत. गारखेड्यातल्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी तो नवी कथा मोठ्यानं वाचायचा आणि आई भाजी निवडायची. साळूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण कथेत खोटं आलं की त्यांचा हात थांबायचा. एकदा त्यानं मयत झालेल्या घरात चूल पेटवली होती. हात थांबला. "मातीवरून आल्यावर त्या घरात चूल पेटत नसती. भाकर शेजारून येती," एवढंच त्या म्हणाल्या. दुरुस्त केलेली ती कथा छापून आली आणि संपादकांनी पत्रात तिला ‘अस्सल’ म्हटलं. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या गोकुळनं लेखनावरची पुस्तकं ढीगभर वाचली होती, शिबिरं केली होती, घेतलीही होती. लिहायला शिकवलं ते मात्र या हातानं. भाषणात हे तो कधी बोलला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

आजची कथा सोनियाची होती. नाव तेवढं बदललेलं. सोनिया त्याची धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी ती कन्नड गावचं सासर सोडून एका पिशवीनिशी आली, आठ दिवस राहिली, आणि परत पाठवल्यावर अकराव्या दिवशी विहिरीतून काढल्याचा निरोप आला. त्यानंतर घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. गोकुळनं सात वर्षं धीर गोळा केला आणि दिवाळी अंकासाठी महिन्याभरात कथा लिहून काढली. ही आपली आजवरची सगळ्यात चांगली कथा, हे त्याला लिहितानाच कळलं होतं, आणि त्याची लाजही वाटली होती. उद्या ती पाठवायची होती.

चौथ्या पानाची त्याला रात्रंदिवस धास्ती होती. तिथं आई बोलत होती. पान आलं तसा त्याचा आवाज खाली गेला.

"‘आता तेच घर तुझं,’ आई म्हणाली. ‘इथं किती दिवस राहशील? लोक काय म्हणतील?’"

हात थांबला नाही. साळूबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. तशाच बोलल्या होत्या त्या, अगदी याच शब्दांत. गोकुळला हायसं वाटलं. तो पुढे वाचू लागला.

"‘मग तिनं पिशवी उचलली आणि ती एकटीच स्टँडवर गेली.’"

हात थांबला.

"इथं," साळूबाई म्हणाल्या.

"इथं काय, माय?"

"एकटी कुठं गेली ती? तू गेलतास ना स्कूटरवर घेऊन."

"कथा आहे ती. कथेत पात्रं कमी ठेवावी लागतात. भाऊ घातला की पसारा होतो. म्हणून काढला त्याला."

हे अगदीच खोटं नव्हतं. शिबिरातल्या मुलांना तो हेच शिकवायचा, की ज्याच्यावाचून अडत नाही त्याला बाहेर काढा. पहिल्या खर्ड्यात भाऊ होता, चांगला दीड पानभर. दुसऱ्या खर्ड्यात त्यानं तो उडवला आणि कथा खरोखरच घट्ट झाली.

"गाडीतून उतरली होती ना ती?" साळूबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "तूच घरी येऊन सांगितलंस. कन्नडच्या गाडीतून उतरून पळत आली, म्हणली दादा, नको. मग तू तिला परत बसवलं. गाडी हलूस्तोर खिडकीपाशी उभा राहिलास."

"हो."

"ते नाय आलं यात."

गोकुळनं पेन्सिल उचलली. ‘एकटीच’ या शब्दावर बारीक रेघ मारली, वर ‘भावानं’ असं लिहिलं आणि तिथंच अडकला. महाविद्यालयातले सहकारी डोळ्यांपुढे आले, बायको आली, कन्नडचे पाहुणे आले. त्याला भीती वाटली, अगदी साधी. आईचं वाक्य लिहिताना ही भीती कुठं गेली होती, ते त्याचं त्यालाच कळेना. पेन्सिल नुसती हातात राहिली.

साळूबाई त्याच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मेथी पुन्हा पुढं ओढली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझं हाय ना त्यात. माझ्यावरच राहू दे समदं. तुला चार लोकांत वावरायचं हाय."

नको म्हणायला तेवढाच क्षण होता, आणि गोकुळनं तो जाऊ दिला. मग त्यानं खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीची रेघ पुसली. ‘भावानं’ही पुसलं.

कथा गाजली. आठवडाभर फोन येत होते. आईचं पात्र अंगावर येतं हो, असं जालन्याहून एक बाई म्हणाल्या. फोन आला की गोकुळ गॅलरीत जाऊन बोलायचा आणि दार ओढून घ्यायचा.

डिसेंबरात त्यानं नवी कथा वाचायला घेतली. साळूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कथा संपली तरी हात एकदाही थांबला नव्हता. "चांगली हाय," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी दुसरी वाचली. तीही चांगली होती. गोकुळला त्या आठवड्यात झोप लागेना. तिसऱ्या रविवारी त्यानं कथेत मुद्दाम एक ओळ घातली आणि ती सावकाश, शब्द सुटे करून वाचली.

"‘श्रावणातल्या त्या दुपारी सगळे शेतात हुरडा भाजत बसले होते.’"

दाणे पातेल्यात पडत राहिले.

"माय," गोकुळ म्हणाला. "श्रावणात हुरडा असतो व्हय?"

साळूबाईंनी पुढची शेंग घेतली.

"तुझ्या कथेत असंल, बाबा," त्या म्हणाल्या. "चांगली हाय. दे पाठवून."