मामाच्या नावावरच्या गाड्या

अरे ऐका तर! माझा टेलरमामा निवडणुकीला उभा होता, माहितीये ना? हो, तोच, शाळेचे युनिफॉर्म शिवणारा. मामीसमोर ज्याचा आवाज फुटत नाही तो!

तर झालं काय, साहेबांचा माणूस दुकानात आला. आम्ही त्याला गॉगल म्हणतो, घरात शिरला तरी काढत नाही.

"मामा, उभं राहायचं."

मामा खरंच उठून उभा राहिला.

"अहो निवडणुकीला! सरकारने साहेबांच्या खर्चाला मर्यादा घातलीये ना? तुम्ही उभे राहिलात की तुम्हालाही तेवढीच मर्यादा. गाड्या तुमच्या नावावर, फिरणार आमच्यासाठी. तुम्ही फक्त सही करा आणि गप्प बसा."

"गप्प बसायला मला काय शिकवताय," मामा म्हणाला. दुकानाचा गाळाच साहेबांचा, करतो काय? केली सही.

आणि चिन्ह मिळालं काय? शिलाई मशीन! इथेच घोडं पेंड खातं. मामा मशीनकडे असा बघत बसला, जणू तिने त्याला हाक मारलीये. दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून निघाला दारोदार! एकच बोलायचा, "आपल्या गल्लीतला दवाखाना बंद आहे, तो उघडायचा." मामीला दमा आहे ना, धाप लागली की पार शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं. बायका म्हणायच्या, "भाऊ, मत तुम्हालाच!"

पलीकडची वस्ती लांब, म्हणून मामा गाड्या उभ्या होत्या तिथे गेला आणि एकीत चढून बसला.

ड्रायव्हर म्हणाला, "मामा, उतरा, साहेबांचे झेंडे भरायचेत."

"गाडी माझ्या नावावर आहे."

"हो का? मग विमानतळ माझ्या नावावर आहे!"

सगळे खो खो हसले. मामा चालत गेला. पाय हे एवढे सुजले.

साहेबच निवडून आले म्हणा. पण आमची अख्खी गल्ली मामाच्या पाठीशी! मामा असा खूश, "पुढच्या वेळी खराखुरा उभा राहणार," म्हणत डिपॉझिटसाठी डबासुद्धा ठेवला.

मग निवडणुकीतल्या पैशावरून बोंबाबोंब झाली, आणि सरकार म्हणालं, आता कडक कारवाई! झाली ना कारवाई. एक तपासणी अधिकारी बाई दुकानात आल्या. चांगल्या होत्या हो, खरंच.

"काका, तुमच्या नावावर एवढ्या गाड्या, एवढं डिझेल. मर्यादा ओलांडलीत."

"मी चालत होतो, बाई." मामाने झिजलेली चप्पल काढून दाखवली.

बाई चपलेकडे बघत राहिल्या. "मला कळतंय. पण सही तुमची आहे."

मामाला पुढच्या दोन निवडणुका बंदी. आणि साहेबांचा खर्च सगळ्यांत कमी निघाला! निवडणुकीतला पैसा रोखायची समिती नेमली ना, तिचे अध्यक्ष कोण? साहेब! भाषणात म्हणाले, "एका उमेदवारावर कारवाई झाली, म्हणजे कायदा जिवंत आहे." मामा ऐकत काज करत होता. डब्यात आता बटणं असतात.

काल गॉगल परत आला. पुढची निवडणूक आली ना तोंडावर. "मामी, या वेळी तुम्ही."

मामीने मामाकडे बघितलं. मामाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"कर सही," तो म्हणाला. "फक्त चिन्ह कुठलंही मिळो, घराबाहेर पडू नकोस."