बोधनकर सरांचे पैकीच्या पैकी

बोधनकर सरांना तीसपैकी तीस गुण पडले आणि त्यांचं प्रतिबिंब त्यांच्या बायकोबरोबर रिक्षाने घरी गेलं. असं काही झालंच नाही असं समजू आणि सकाळी अकरापासून सुरू करू.

अकरा वाजता सर इस्पितळातल्या आरशाच्या खोलीत उघड्या पोटाने उभे होते. कॅन्सरपायी मूत्राशय काढून सहा महिने झाले होते. बेंबीच्या उजवीकडे ओल्या मांसाचं लालभडक बोंड होतं. त्यातून लघवी पोटाला चिकटवलेल्या पिशवीत ठिबकायची, शेंबडासारखे तंतू घेऊन. सरांना स्वतःची इतकी किळस यायची की ते सहा महिने बाहेर दिवाणावर झोपत होते. आजची तपासणी झाली की पलंगावर परत येतो, असं त्यांनी बायकोला, कुंदाताईंना, कबूल केलं होतं.

"तुमचं शरीर तुम्हाला कसं वाटतं ते मोजायचंय," सिस्टर परुळेकर म्हणाल्या. "दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन."

सरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. जितके गुण जास्त तितकी किळस जास्त, हे सिस्टरनी सांगितलं नाही आणि सरांना विचारावंसं वाटलं नाही. गुण म्हणजे गुण.

"आरशात बघवत नाही?"

"मुळीच नाही. तीन लिहा."

आरशातल्या सरांची पिशवी टम्म फुगली.

"काका, जरा विचार करून सांगा हं."

"विचार झालाय. पुढचा?"

"अंगाला वास येतो असं वाटतं?"

"एसटी स्टँडवरच्या मुतारीचा. तीन."

आरशातून वास आला. आरसा हातभर पुढे सरकला. सर मागे सरकले तर भिंत.

प्रत्येक उत्तराला आरसा पुढे येत राहिला. दहाव्या प्रश्नाला सरांचं नाक काचेला टेकलं होतं.

"बायकोजवळ जावंसं वाटत नाही?"

सर अडखळले. वाटायचं. रोज वाटायचं. खरं उत्तर शून्य होतं. पण नऊच्या नऊ प्रश्नांत पूर्ण गुण, आणि इथे घालवायचे?

"तीन," सर म्हणाले.

काच सरांवरून साय ओढावी तशी गेली. सर आत राहिले. बाहेर प्रतिबिंब उभं होतं, थुलथुलीत, पांढरंफटक, पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबलेली. त्याच्या पायाखाली पिवळं थारोळं साचत होतं.

कुंदाताई दार लोटून आत आल्या. नाकाला पदर लावला नाही.

"अहो, गळतंय की हे! चला, घरी गेल्यावर बदलून देते. आणि आज पलंगावर, कळलं?"

"हो गं," प्रतिबिंब म्हणालं. आवाज थेट सरांचा.

सरांनी आतून बुक्क्या मारल्या. सिस्टरनी काच फडक्याने पुसली.

"काका, निकाल लागलाय. काही असेल तर लेखी द्या."

सरांनी काचेवर वाफ सोडली आणि बोटाने लिहिलं: मा. अधीक्षक यांस. प्रश्न क्रमांक दहाचे माझे उत्तर खोटे आहे. तरी फेरतपासणी करून माझे गुण कमी करावेत व अर्जदारास त्याच्या पत्नीशेजारी पूर्ववत झोपू द्यावे, ही नम्र विनंती.