ओले पण पांढरे बोळे

गौसियाबी तपासणीच्या खोलीत आल्या, पण बसायला तयार होईनात. "कपडे ओले हायेत मॅडम, उभीच बरी," त्या म्हणाल्या. जळगाव जामोदला त्यांचं बांगड्यांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी काढली आणि दहाव्या दिवसापासून लघवी गळायला लागली, ती थांबलीच नव्हती. एका डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या.

बुलढाण्यात नव्याने आलेल्या डॉ. इरा मूत्रविकारतज्ज्ञ होत्या. बायकांच्या ओटीपोटातल्या बिघाडांची दुरुस्ती हेच त्यांचं खास काम. मूत्राशयाला भोक पडलं असणार, असं त्यांना वाटलं.

"म्हणजे वेगळं लघवीला जावं लागतच नसेल?"

"जातो ना. दिवसातून चार-पाच डाव जातो, चांगली होते. अन् इकडे गळणंही चालूच."

इरा लिहिता लिहिता थांबल्या. दिवसभर इतकं गळत असेल, तर मूत्राशय भरतं कसं?

त्यांनी नळीने मूत्राशयात निळं पाणी भरलं, योनीमार्गात कापसाचे तीन बोळे ठेवले आणि बाईंना अर्धा तास फिरायला सांगितलं. मूत्राशयाला भोक असेल, तर बोळे निळे होणार होते.

"बोळे निळे नाही निघाले त?" गौसियाबींनी विचारलं.

"तर मजा आहे. मग शोधावं लागेल."

बोळे निघाले ते ओलेचिंब, पण पांढरेच.

"पाहू द्या, मले पाहू द्या!" गौसियाबी कोपरावर रेलून उठल्या. "मंग हे पाणी आलं कुठून?"

इरांनी कागदावर दोन किडन्या काढल्या, त्यांच्यापासून मूत्राशयापर्यंत दोन नळ्या. "यातली एक नळी ऑपरेशनमध्ये दुखावली असावी. त्या किडनीची लघवी मूत्राशयात न जाता खालून गळते. दुसरीची नीट पोचते."

"म्हणून दोन्ही होते!" गौसियाबी म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कारण सांगितलं होतं. कागद त्यांनी मागून घेतला.

स्कॅनमध्ये डाव्या नळीलाच भोक दिसलं. त्या बाजूची किडनी सुजलेली, पण वाचण्यासारखी. इरांनी नळी भोकाच्या वर कापली आणि मूत्राशयाला नव्या जागी जोडली. तीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौसियाबींनी कोरड्या चादरीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग नवऱ्याला, रहेमतुल्लाला, बोलावून त्याचाही हात चादरीवर ठेवला. त्यानेही चादर चाचपून पाहिली. मग तोंड खिडकीकडे वळवलं.

दीड महिन्याने त्या तपासणीला आल्या तेव्हा किडनीची सूज उतरली होती. सोबत शेजारच्या शालूबाई होत्या, पदरात तोंड लपवून.

"हिले खोकलं की लघवी होते," गौसियाबींनीच सांगून टाकलं. "पण हिचं त काहीच ऑपरेशन नाही झालेलं. मंग काऊन होते, मॅडम?"