उरलेल्या गोळ्यांचा डबा

लॅबमधल्या बाईंना माणसांचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी बावीस वर्षं खपून कमावला होता. लोकांच्या लघवीतले जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या बारा चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन बसायचं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. पूर्वी वर्तुळंच वर्तुळं असत. आता जंतू चकतीला खेटून खुशाल बसलेले दिसत.

"दोन दिवस गोळ्या गिळल्या, जळजळ थांबली, की झाले बरे! पुढच्या गोळ्या काय शोभेला दिल्यात? मागे उरलेले जंतू औषधाला सरावतात ते!" बाई प्लेटवरच खेकसायच्या. प्रत्येक नमुन्यामागे त्यांना एक दीडशहाणा दिसायचा. त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

त्या सकाळची प्लेट त्यांच्या सासूबाईंची होती. सासूबाई हॉस्पिटलात थंडी वाजून तापाने फणफणत होत्या, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. चालू इंजेक्शनाने ताप हटत नव्हता आणि डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत होते. बाईंनी चकत्या मोजल्या. अकरा चकत्यांभोवती काहीच नाही. बाराव्या चकतीभोवती वर्तुळ होतं. बाईंनी पट्टी तीनदा लावून पाहिली. औषध एकच उरलं होतं. रोज शिरेतून, दहा दिवस.

रिपोर्ट फोनवर सांगितला आणि बाईंचं डोकं फिरलं. घरातच हा गाढवपणा! संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सासूबाईंचं कपाट उपसलं. साड्यांखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत कात्रीने कापलेली पाकिटं: कुठे चार गोळ्या, कुठे सहा. पाच-सहा वर्षांचे अर्धवट सोडलेले कोर्स नीट रबर लावून ठेवलेले. प्रत्येकाला एक चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वाकड्या अक्षरांत एकच शब्द. सूनबाई.

बाईंनी खाली बसून एकेक चिठ्ठी पुन्हा वाचली.

मागच्या वर्षी लॅबमधल्या दोघी मदतनीस रजेवर होत्या. बाईंना लघवीला आग होत होती आणि डॉक्टरकडे जायला फुरसत नव्हती. सासूबाईंनी हातावर चार गोळ्या ठेवल्या होत्या. कुठल्या, कोणाच्या, कोर्स किती दिवसांचा, यातलं काहीही न विचारता बाईंनी त्या घेतल्या होत्या. बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन त्या लोकांच्या अकलेची वर्तुळं मोजायला बसल्या होत्या. आपली लघवी तपासायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्या रांगेत आपणही होतो, ही गोष्ट त्यांना त्या जुनाट साड्यांच्या ढिगाशेजारी बसून कळली.

नवं इंजेक्शन सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाई वॉर्डात गेल्या तेव्हा सासूबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. बाईंनी भांडण तोंडपाठ करून आणलं होतं.

"आई, तो डबा मी पाहिला. गोळ्या अर्ध्यावर का सोडत होतात तुम्ही?"

"अगं, दोन दिवसांत बरं वाटायचं मला. तुला कामातून उठता येत नाही, डॉक्टरकडे जाणार कधी? म्हटलं, निम्म्या तुझ्या." सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि दारातल्या नर्सकडे नजर टाकत आवाज उतरवला. "आता मला अगदी ठीक वाटतंय बघ. या बाईला सांग, राहिलेली सात इंजेक्शनं बांधून दे म्हणावं. तुला होतील."

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसावर बाईंनी तोंड टाकलं असतं. इथे मात्र त्यांनी खुर्ची पलंगाला लावली, सासूबाईंचा सुई लावलेला हात आपल्या हातात धरला आणि नर्सला म्हणाल्या, "आजचं इंजेक्शन द्या. उरलेले सहा दिवस मी इथेच बसणार आहे. आणि मलाही एक नमुन्याची बाटली द्या, माझ्या नावाची."