ढकलल्यास चालते

जुन्या गाड्यांच्या त्या क्लबात एक रीत होती. गाडी बंद पडली, असं कोणी म्हणायचं नाही. गाडी विश्रांती घेते. तिने ती घेतली की मालकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि घरच्यांनी मागून ढकलायचं. क्लबाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, ही रीत कसोशीने पाळत. ते पुढे असत, बायको मागे.

मोटारींच्या संग्रहालयाच्या सहलीला निघताना मात्र बायकोने निक्षून सांगितलं, "आज एकदा जरी उतरून ढकलावी लागली, तर गाडी विकायची. मग रडायचं नाही."

वाटभर डॉक्टरांनी गाडीला चुचकारलं. चढावर तर श्वासही रोखून धरला, तेवढंच वजन कमी. गाडी शहाण्यासारखी संग्रहालयाच्या आवारात शिरली आणि पार्किंगच्या ऐन मधोमध उचकी देऊन विसावली.

"अगं, जरा विश्रांती..."

"मी उतरत नाहीये."

सभासदांनी बॉनेटभोवती कोंडाळं केलं. सभासदांपेक्षा निदानंच जास्त निघाली. गर्दी बघून संग्रहालयाच्या संचालकबाई धावत आल्या आणि गाडी पाहून हरखल्या.

"या मॉडेलचं आमच्याकडे नुसतं डावं दार आहे हो! संग्रहालयाला देता का?"

"कधी नेताय?" बायकोने विचारलं.

जन्मभर इतरांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांनी आज स्वतःच आ वासला.

संचालकबाईंनी लगेच पाटीचा मजकूर जुळवायला घेतला. "दुर्मिळ मोटार. चालू स्थितीत नाही..."

"थांबा," बायको खाली उतरली. "चालत नाही असं कोण म्हणालं?"

"आत्ता बंदच पडलीय ना, ताई?"

सभासदांनी माना खाली घातल्या. हा शब्द त्यांच्यासमोर आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"सासूबाईंना हिनेच दवाखान्यात नेलंय. घाटात नव्या कोऱ्या गाड्या धापा टाकत होत्या, ही वर गेली."

"आपली आपण?"

"म्हणजे काय! मी होते ना मागे."

"मग 'ढकलल्यास चालते' असं लिहू का?"

"आमच्या गाडीला नावं ठेवायला आम्ही घरचे खंबीर आहोत." बायकोने बाह्या सरसावल्या. "अहो, आ वासून काय बघताय? बसा आत. दुसरा गिअर टाका."

"पण तू तर विकायची म्हणाली होतीस..."

"विकणं वेगळं, बदनामी वेगळी. सोडा क्लच!"

गाडी खोकली, धूर ओकली आणि निघाली. थांबवली तर पुन्हा विसावेल, म्हणून डॉक्टर पार्किंगला चकरा मारत राहिले. संचालकबाई गाडीच्या वाटेतून सरकून खांबाआड झाल्या. गाडी पुन्हा समोरून जाताना बायकोने दार धरलं, चार पावलं सोबत धावली आणि चालत्या गाडीत उडी घेतली.