मौजे माल्ये ग्रिबीचा पंचनामा

“चतुःसीमा विचार त्यांना,” सुदामराव म्हणाले.

प्रियाने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग समोरच्या फ्राउ केलरांकडे. ब्याऐंशी वर्षांची बाई शनिवारी सकाळी आपल्याकडे येऊन स्वयंपाकघरात रडत बसली आहे, मांडीवर परत आलेलं पार्सल आहे आणि बाबांना चतुःसीमा हव्या आहेत.

“बाबा, प्लीज. त्यांचा भाऊ गेलाय बहुतेक.”

“कोण म्हणतं?”

“त्याच म्हणतायत.”

“नुसत्या बहिणीच्या म्हणण्यावर मयताची नोंद होत नाही. विचार तू. पूर्वेला काय?”

सुदामराव एकतीस वर्षं तलाठी होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण ते फक्त कागदोपत्री. तीन महिन्यांच्या व्हिसावर ते आणि मीराबाई रेगेन्सबर्गला मुलाकडे आले होते. मुलगा यशपाल मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आत्ता तो रिकाम्या बाटल्या दुकानात परत करायला गेला होता. जर्मनी सुदामरावांना पहिल्या दिवसापासून पसंत पडली होती. कचऱ्याला चार डबे, डब्यांना रंग, रंगांना नियम आणि नियम मोडला की चिठ्ठी. तक्रार एकच. या देशात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला कचेरीत जाऊन नाव नोंदवावं लागतं आणि तीन महिन्यांच्या पाहुण्याला मात्र लागत नाही.

“म्हणजे मी इथं राहतो, जेवतो, तीन जिने चढतो आणि मोजलाच जात नाही?” त्यांनी यशपालला विचारलं होतं.

“बाबा, तुम्ही टूरिस्ट आहात.”

हा शब्द त्यांना दोन दिवस लागला होता.

तळमजल्यावरच्या फ्राउ केलर ही त्यांची इथली एकमेव मैत्री. बाई जर्मन वंशाच्या, पण जन्म आणि निम्म्याहून जास्त आयुष्य रशियातलं. रोज दुपारी अंगणातल्या बाकावर त्या त्यांच्या जुनाट जर्मनमध्ये बोलत आणि सुदामराव मराठीत. दोघांचं सगळ्या विषयांवर एकमत होतं. मतभेद होण्याइतकी भाषा दोघांनाही येत नव्हती.

आजचं बोलणं मात्र बाकावरचं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ आंद्रेय, वय अठ्ठ्याहत्तर, सायबेरियातल्या माल्ये ग्रिबी नावाच्या खेड्यात एकटा राहायचा. एकटा म्हणजे घरात नव्हे, गावात एकटा. दर रविवारी तो टेकाडावर चढून, मोबाईलला रेंज मिळवून बहिणीला फोन करायचा. तीन रविवार फोन नव्हता. आणि काल पार्सल परत आलं. आत लोकरीचे मोजे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि लेबकुखन नावाची मसालेदार बिस्किटं. वर शिक्का: या गावी कोणी राहत नाही. त्यांच्या दिराच्या मुलाने इंटरनेटवर मागच्या जनगणनेची यादी शोधून दिली. माल्ये ग्रिबी, लोकसंख्या शून्य.

“पूर्वेला ओढा आणि त्यावर पूल,” प्रिया सांगू लागली. “पश्चिमेला बर्चचं जंगल. उत्तरेला दलदल. दक्षिणेला रस्ता. पण ऑक्टोबरात तो रस्ताही दलदलच असतो म्हणे.”

“दोन बाजूंना दलदल,” सुदामरावांनी लिहिलं. कागद यशपालच्या प्रिंटरमधला, अक्षर मात्र सातबाऱ्यावरचं. “गाव वसवलं कोणी?”

फ्राउ केलरांनी डोळे पुसले. काही रशियन शेतकरी शे-सव्वाशे वर्षांपूर्वी आले. जंगलात अळंबी भरपूर, म्हणून गावाचं नाव ‘छोटी अळंबी’. मग एक्केचाळीस साली सरकारने व्होल्गाकाठच्या जर्मनांना आगगाडीत भरलं आणि लढाई संपेपर्यंत, म्हणजे कायमचं, सायबेरियात नेऊन सोडलं. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, आंद्रेय सहाचा. पहिला हिवाळा सगळ्यांनी जमिनीत खड्डे करून काढला.

“घरं किती? जास्तीत जास्त.”

“चौसष्ट. नाही,” त्यांनी बोटांवर मोजलं, “आल्झो, म्हणजे पासष्ट. लोहाराचं धरून. तीनशे माणसं. एक शाळा, तिच्यात एक शेगडी.”

“मग?”

“मग वरून कागद आला की अशा छोट्या गावांना काही भवितव्य नाही. त्यांनी बंद केली...”

“आधी शाळा,” सुदामराव मान वर न करता म्हणाले. “मग दुकान. मग एसटी.”

प्रियाने ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ केलर चकित झाल्या. “गेनाऊ! अगदी तसंच! यांना कसं माहीत?”

“माहीत आहे म्हणावं. क्रम सगळीकडे तोच असतो.”

पंच्याण्णव साली नवऱ्याबरोबर त्या जर्मनीला आल्या. आंद्रेय आला नाही. त्याच्या बायकोची कबर तिथे होती आणि एक गाय होती. पुढे गायही गेली, पण तोवर त्याला न येण्याची सवय झाली होती.

एव्हाना फ्राउ केलरांचं रडणं थांबलं होतं. जबाब देणारा माणूस रडत नाही, तो आकडे आठवत बसतो. सुदामरावांना हे अनुभवाने ठाऊक होतं. पण आकडे संपले आणि बाईंनी पार्सल पुन्हा जवळ ओढलं.

“त्या विचारतायत,” प्रिया हळूच म्हणाली, “सरकारने शून्य लिहिलंय. सरकार उगाच का लिहील?”

सुदामरावांनी पेनाला टोपण लावलं.

“त्यांना सांग, शिक्क्यावर विश्वास ठेवू नका. मी असे शिक्के मारलेत.” त्यांनी पेन बाजूला ठेवलं. “एक्क्याण्णवच्या जनगणनेत माझ्याकडे हिवरदरा होतं. डोंगरावरचं गाव. सगळे खाली रस्त्याला राहायला आलेले, वर एकच म्हातारी उरलेली. मी पायथ्याशी गेलो. ऊन होतं. खालून पाहिलं, धूर दिसला नाही. बेचिराख लिहिलं आणि परत आलो.”

“बेचिराख म्हणजे?”

“ज्या गावात दिवा लावायला माणूस नाही, ते. आठ दिवसांनी बाई कचेरीत आली. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मला म्हणाली, ‘भाऊसाहेब, मी मेले का?’ तोवर कागद तालुक्याला गेले होते. दुरुस्ती करायची तर वर चढलो नव्हतो हे लिहून द्यावं लागलं असतं. पुढल्या वर्षी हातपंप आले. शून्य माणसांना पंप देत नाहीत. ती मरेपर्यंत खालून पाणी वाहत होती. सहा वर्षं.”

 ओट्याशी उभ्या मीराबाईंनी चहाखालचा गॅस बारीक केला.

“नाव काय होतं त्यांचं?” प्रियाने विचारलं.

“नोंदच नव्हती,” सुदामराव म्हणाले. “नाव कुठून असणार? सांग त्यांना सगळं. गाळू नकोस.”

प्रियाने गाळलं नाही. फ्राउ केलर ऐकत राहिल्या. मग एकच वाक्य बोलल्या.

“त्या म्हणतायत, म्हणजे शून्यवाली बाई जिवंत होती.”

“या, या,” सुदामराव म्हणाले. ‘हो’ म्हणण्याइतकं जर्मन त्यांना येत होतं. “आता विचार, मीठ कोण देतं?”

“काय?”

“एकटा माणूस अळंबी वेचेल, बटाटे पिकवेल. मीठ उगवणार नाही. गावात मीठ कोण आणतं?”

फ्राउ केलर बोलता बोलता थांबल्या. फिरत्या दुकानाची गाडी. दर मंगळवारी. तमारा नावाची बाई चालवते, मीठ-पाव विकते. तिचा नंबर... नंबर आहे की, गोळ्यांचे पैसे पाठवले होते तेव्हाचा. तीन आठवडे त्या भावाच्या बंद फोनला फोन करत होत्या. पाववालीला विचारावं हे सुचलंच नव्हतं. दुःखात माणूस थेट यमाकडे चौकशी करतो, किराणावाल्याला विसरतो.

तिकडे दुपारचे तीन वाजले होते. फोन स्पीकरवर ठेवला. सहाव्या रिंगला एक दणदणीत आवाज आला. रशियन कोणालाच कळत नव्हतं, पण फ्राउ केलरांचा चेहरा सगळ्यांना वाचता येत होता. आधी तो घट्ट मिटला. मग कपाळाची एकेक आठी सुटत गेली. मग त्या खुर्चीतच सैल झाल्या आणि चिडल्या.

“मोबाईल विहिरीत पडला!” त्यांनी प्रियाला ओरडूनच सांगितलं. “तीन आठवड्यांपूर्वी! त्याने तमाराला सांगितलं होतं, लीडियाला, म्हणजे मला, कळव. आणि ही विसरली! चिखलामुळे गाडी पुलापर्यंतच जाते, तो तीन किलोमीटर चालत येतो. या मंगळवारी पाव शिळा म्हणून तिच्याशी भांडला!”

“भांडला ना?” सुदामराव म्हणाले. “मग तब्येत चांगली आहे.”

हसू आधी मीराबाईंना फुटलं. फ्राउ केलर एकाच वेळी हसत आणि शिव्या देत होत्या. शिव्या भावाला की तमाराला की शिक्क्याला, ते प्रियाने भाषांतर केलं नाही. पार्सल आता तमाराच्या पत्त्यावर जाणार होतं. चहा आला. लेबकुखनचा पुडा तिथेच फोडला गेला. आंद्रेयसाठी दुसरा घेता येईल, असं ठरलं.

सुदामरावांनी पेन उघडलं. ‘फिरत्या दुकानाच्या चालक तमाराबाई यांच्या तोंडी जबाबावरून, मौजे माल्ये ग्रिबी येथे इसम नामे आंद्रेय हा हयात असून पाव विकत घेतो. लोकसंख्या १.’ तारीख घातली. मग घसा खाकरला.

“पंच लागतील. दोन.”

“आम्ही दोघी आहोत की,” प्रिया म्हणाली.

सुदामरावांनी क्षणभर विचार केला. एकतीस वर्षांत त्यांनी बाईमाणूस पंच घेतला नव्हता. नियम नव्हता तसा, पण सुचलंच नव्हतं, पाववालीसारखंच.

“करा सह्या.”

मीराबाई चष्मा शोधू लागल्या.

“अगं, वाचायचं नसतं. पंच वाचत नसतात. सही कर.”

“लग्नाला चाळीस वर्षं झाली,” मीराबाई प्रियाला म्हणाल्या, “आज पहिल्यांदा माझी सही मागतायत, तीपण घाईत.” आणि केली.

फ्राउ केलरांना सही येत होती, तरी सुदामरावांनी अंगठाही घेतला. शाईच्या जागी प्रियाची लिपस्टिक चालली. कागद हातात धरून बाई उठल्या, दाराशी थांबल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

“त्या म्हणतायत, फ्रिजवर लावणार. आणि उद्या बाकावर या. दोघंही.”

दार लागलं. प्रिया कप विसळायला लागली.  सुदामरावांनी प्रिंटरमधून दुसरा कोरा कागद काढला.

“अगं,” ते म्हणाले, “हिवरदऱ्याची ती म्हातारी...”

“ठकूबाई,” मीराबाई वळल्याही नाहीत. “ठकूबाई भागा गांगड. दर संक्रांतीला शेरभर बोरं घेऊन यायची. तुम्ही कचेरीत असायचात.”

“आपल्या घरी? एक्क्याण्णवनंतर?”

“नंतरच. आधी कशाला येईल? माझी नोंद नाही, पण ओळख असू द्या, म्हणायची.”

सुदामरावांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. हे अक्षर मघाचंच होतं, फक्त सावकाश. मौजे हिवरदरा. सन १९९१. समक्ष पाहणी केली नाही. लोकसंख्या १. ठकूबाई भागा गांगड. खाली आपली सही केली आणि कागद टेबलाच्या पलीकडे सरकवला.

“पंच म्हणून,” ते म्हणाले.

मीराबाईंनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावला. या वेळी कोणी घाई केली नाही. त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच पेन मागितलं.