घमेल्यातला खुराक

मी एक जुना घमेला आहे. बुडाला भोक पडलेला, काठाला वाकलेला आणि, आधीच सांगून टाकतो, स्वभावाने तुसडा. तेव्हा मित्रांनो, माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा करू नका. मला माणसांचा राग आहे, आणि तो का आहे हे मी आज आडपडदा न ठेवता सांगणार आहे.

एका कारखान्यात मोठ्या यंत्राचा दणका बसला आणि सपाट पत्र्याचा मी खोलगट झालो. तिथून मालगाडीने भिलाईला आलो. ते साल सत्तावन्न. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे खड्डे, गिट्टीचे ढीग आणि धूळ. भंडाऱ्याकडून आलेली शेवंता तिथे रेजा होती, म्हणजे डोक्यावरून माल वाहणारी बाई. पहिल्या दिवसापासून मी तिच्याच डोक्यावर बसलो. वाळू वाहिली, गिट्टी वाहिली, ओलं काँक्रीट वाहिलं. मोठे साहेब यायचे, उभ्या राहिलेल्या खांबांची वाहवा करायचे. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

वर्षभरात माझ्या बुडाला भोक पडलं आणि मुकादमाने मला लाथेने भंगारात ढकललं. शेवंता त्याच्या तोंडावर म्हणाली, "एवढा बोजा वाह्यला त्यानं, अन् तुमी लाथ मारून राहिले?" तिने भोकात चिंधी कोंबली आणि मला घरी नेलं. सगळ्या माणसांत ही एकच बाई मला पटली.

तिच्या झोपडीत माणसं तीन आणि हुकूम एकीचा. शेवंताचा नवरा देवाजी कारखान्यात खलाशी होता, अवजड सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. स्वभावाने बरा, पण आईपुढे मान खाली. त्याची आई रुक्मा. तिचं मी पुढे सांगतोच. तिच्यासाठी दोन वाक्यं पुरायची नाहीत.

कारखान्यासाठी आजूबाजूची कुरणं गेली, तसा तिथला एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन दूर निघाला. शेवंता त्याच्या मेंढ्यांना रोज पाणी भरून द्यायची. जाताना त्याने पायाने अधू झालेली एक गाभण मेंढी तिच्या हवाली केली. तिचं नाव भुरी. म्हातारा त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "नोनी, आखरी डेढ़ महिना येला बने खवाबे. पिला उही बेरा बाढ़थे." शेवटच्या दीड महिन्यात पिल्लू झपाट्याने वाढतं, तेव्हा हिला नीट खाऊ घाल पोरी, असं त्याचं सांगणं. पोटातली जागा पिल्लाने व्यापली की मेंढीला नुसता चारा फार खाता येत नाही, म्हणून थोडाच पण कसदार खुराक द्यायचा, हेही त्याने समजावलं.

पण घरात रुक्मा होती ना! तिचा कायदा उलटा. "पोटुशीले पोटभर द्याचं नसते," ती म्हणायची. "लेकरू मोठं होते, मंग अडते. अडलं का दोन्ही जीव गेले." भुरीला तिने शेवटी शेवटी सुक्या तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर ठेवलं. पिल्लू जन्मलं ते उभंच राहिलं नाही. भुरीच्या कासेत दूधही नव्हतं. संध्याकाळच्या आत पिल्लू गेलं. "नशीब," रुक्मा म्हणाली.

मित्रांनो, हा शब्द त्या घरात आधीही उच्चारला गेला होता. मी भिलाईत यायच्या थोडंच आधी शेवंता बाळंत झाली होती. शेवटचे दोन महिने सासूने तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं, आणि तरी तिच्या डोक्यावरची गिट्टी काही अर्धी झाली नव्हती. मुलगी झाली ती ओंजळीत मावेल एवढी. चार दिवस जगली. हे शेवंताने मला नाही, भुरीला सांगितलं, तिच्या मानेत तोंड खुपसून. मी शेजारीच पालथा पडलो होतो.

पुढच्या वर्षी भुरी पुन्हा गाभण राहिली, आणि शेवंतालाही दिवस गेले. या वेळी शेवंताने कंबर कसली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भुरीले मी चारीन. कोनी मधात याचं नाई."

देवाजीने मान खाजवली. "चार बाई. पन यंदाबी पिल्लू गेलं तर मेंढी विकून टाकू. अन् मंग खान्यापिन्याचं माय म्हनंन तेच."

"अन् जगलं तर?"

"तर तुह्यं चालंन."

झालं! एका मेंढीच्या पोटावर शेवंताचं स्वतःचं पोट ठरलं. असले सौदे माणसंच करू जाणोत.

शेवंताने मला घासूनपुसून भुरीपुढे ठेवलं. धानाच्या गिरणीत झाडझूड करून ती कोंडा आणायची. त्यात तुरीची चुनी म्हणजे डाळीचा चुरा, कुटलेली अळशीची ढेप म्हणजे पेंड, आणि चिमूटभर मीठ. एकदम पोटात गेलं तर जनावर फुगतं, म्हणून पहिल्या आठवड्यात एकच मूठ, मग दोन, मग तीन. कामावर जाण्याआधी ती मला भरायची, भुरीच्या पाठीवर हात फिरवायची आणि निघायची. खरं सांगतो, काँक्रीट वाहताना मला कधी एवढा मान वाटला नव्हता.

पण शेवंता वळणापलीकडे गेली की रुक्मा यायची. इकडे-तिकडे बघायची. भुरीने दोन घास घेतले न घेतले तोच मला उचलायची आणि सगळा खुराक कोंबड्यांपुढे ओतायची. रिकामा करून मला परत जागेवर ठेवायची! संध्याकाळी शेवंता यायची, रिकामा घमेला बघून खूश व्हायची. "खाल्लं वो माह्या बाईनं सारं!" म्हणायची. मित्रांनो, पत्र्याला तोंड असतं तर मी त्या दिवशी गाव गोळा केलं असतं. मी चोराच्या हातातलं भांडं झालो होतो. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी भुरीने तोंड फिरवलं. ती कुडाला कपाळ टेकवून नुसती उभी राहिली. समोर हात नेला तरी तिला दिसेना. नेमकी त्याच दिवशी शेवंताला कामावर भोवळ आली आणि मुकादमाने तिला घरी पाठवलं. ती अंगणात आली, तेव्हा मी रुक्माच्या हातात होतो आणि कोंडा कोंबड्यांच्या पुढ्यात होता.

शेवंताने भुरीकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं, मग फुटली.

"आत्याबाई! किती दिवसापासून?"

"ओरडू नोको. तुह्याच भल्यासाठी केलं. अडली असती म्हंजे?"

"आता मरून राहिली न ते! पाहा तिच्याकडं!"

तेवढ्यात पाळी संपवून देवाजी आला. आईचा चढलेला आवाज ऐकून तो बायकोवरच उखडला. "एका मेंढीपाई मायसंगं भांडतं कावून?"

"मेंढीपाई नाई," शेवंता म्हणाली. "माही पोरगी चार दिवस जगली, तिच्यापाई भांडून राहिली मी. तुमी मायलेक नागपूरले जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आले. देव सोडला, नशीब सोडलं, साऱ्या वस्तीले सांगत फिरता. मंग माही पोरगी गेली तवा नशीब कुठून आलं घरात?"

देवाजी आत गेला आणि भुरीसाठी गुळाचा खडा घेऊन आला.

गूळ पाण्यात विरघळवून शेवंताने भुरीला पाजला. घाईने नाही, ठसका लागू नये म्हणून गालाच्या कोपऱ्यातून थोडा थोडा. दर दोन-तीन तासांनी पाजला. ती कामावर गेलीच नाही. रोजी बुडाली तर बुडाली. दुसऱ्या दिवशी भुरीने पानं हुंगली, तिसऱ्या दिवशी माझ्यात तोंड घातलं. शेवंता मला मांडीवर धरून बसायची आणि कोणी जवळ आलं की नुसती बघायची. रुक्मा त्या आठवड्यात आमच्या बाजूला फिरकली नाही.

पंधरा दिवसांनी, ऐन दुपारी भुरी व्याली. एक पिल्लू आलं. थोड्या वेळाने दुसरं. जुळी! दोन्ही किडकिडीत, पण दोन्ही धडपडत उभी राहिली आणि कासेला लागली. कासेत दूध होतं. शेवंता हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

रुक्मा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "माह्या सासूनं मलेबी असंच ठेवलं होतं वो. देवाजीच्या आंधी माह्ये तीन गेले."

तुम्हाला वाटेल, मला तिची दया आली असेल. आली नाही. जिने तीन पोरं पुरली, तिने तरी सुनेची भाकर मोडायला नको होती.

शेवंताने हात धुतले. ती चुलीपुढे जाऊन बसली, ताट समोर ओढलं आणि सासूला म्हणाली, "वाढा."

रुक्माने सवयीने अर्धी भाकर ठेवली.

"अजून."

रुक्माने एक अख्खी ठेवली.

"अजून वाढा. वरन वाढा. मी उठत नाई."

रुक्माने भाकर वाढली, वरण वाढलं. शेवंता तिच्या डोळ्यांत बघत सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. गाभण जनावरापुढे चार मुठी खुराक ठेवायला ज्याचा जीव होत नाही, त्याने जनावर पाळू नये. आणि तुमच्या घरी, शेजारी कोणी पोटुशी असेल, तर तिला आज काय वाढलं ते विचारा. मोठ्या माणसांनी डोळे वटारले, तरी विचारा.